कासव की मगर?

दिवाळीच्या अंकात इतिहासाचा लेख दिसला, की वाचक मनात म्हणतात, 'झाले! आता पानिपत, नाहीतर शनिवारवाडा!' आणि चकलीचा तुकडा मोडून पान उलटतात. पण वाचकहो, जरा थांबा. आज सांगायचा आहे तो इतिहास एका माकडाचा आहे. आणि त्यात जी फजिती झाली, ती माझी आहे.

मी मुलांसाठी गोष्टी लिहितो. शाळाशाळांतून बोलावणी येतात. जातो, गोष्टी सांगतो आणि मग मुलांच्या हाती कोरे कागद देऊन त्यांनाही लिहायला बसवतो. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या अशाच एका शाळेत गेलो होतो. एकाच इमारतीत खाली मराठी शाळा, वरच्या मजल्यावर उर्दू, जिन्यापलीकडे हिंदी. त्या दिवशी सगळी मुले एका दालनात बसवली होती. मी माकड आणि मगरीची गोष्ट काढली. नदीकाठचे जांभळाचे झाड, मगरीच्या बायकोला सुटलेला माकडाच्या काळजाचा मोह, आणि 'अरेरे, काळीज तर झाडावरच राहिले!' ही माकडाची थाप. मुले खो खो हसली. मीही खूश झालो.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. अडखळत, पण ठामपणे म्हणाली, "सर, मगर नाही. कासव होतं. आणि झाड अंजीरचं होतं. माझी नानी सांगते."

"नाही गं बाळ," मी हसून म्हणालो, "तू विसरलीस. मगरच ती. आणि जांभूळ."

सारा वर्ग हसला. ती खाली बसली. शेवटी कागद गोळा केले, तेव्हा तिच्या कागदावर फक्त तिचे नाव होते. खाली एक अक्षर नव्हते.

तो कागद मी इतर कागदांबरोबर घरी आणला. मुलांच्या हाती लेखणी द्यायला गेलेला मी, एकीच्या हातची काढून घेऊन आलो होतो! मन खाईना, म्हणून पुस्तके काढून बसलो. आणि जसजसा वाचत गेलो, तसतसा अधिकाधिक ओशाळत गेलो.

आपल्या पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात ही गोष्ट आहे. तिथे मकर आहे आणि जांभूळही आहे. इथवर माझे बरोबर. पण सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारी बुर्झोय नावाचा वैद्य होता. मेलेल्याला उठवणारी वनस्पती शोधायला तो हिंदुस्थानात आला, आणि ती वनस्पती म्हणजे एक पुस्तकच आहे असे त्याला कळले, अशी मोठी सुंदर आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी त्याने पंचतंत्रातल्या गोष्टी पहलवी भाषेत नेल्या हे खरे. ते पहलवी पुस्तक काळाच्या ओघात नाहीसे झाले. परंतु आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने त्यावरून अरबी ग्रंथ रचला. त्याचे नाव 'कलीला व दिम्ना'. म्हणजे आपले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे! आणि वाचकहो, या अरबी ग्रंथात माकडाचा मित्र आहे कासव. झाड आहे अंजिराचे.

म्हणजे पोरगी विसरली नव्हती. मलाच ठाऊक नव्हते.

हीच गोष्ट पुढे फारसीत गेली. अकबराच्या सांगण्यावरून अबुल फजलने १५८८ मध्ये ती सोप्या फारसीत उतरवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तिचे उर्दू झाले. माहेराहून निघालेली लेक बाराशे वर्षांनी, वेगळा पोशाख लेवून, पुन्हा माहेरी आली. नानीने हे ग्रंथ वाचायला हवेत असे मुळीच नाही. गोष्ट एकदा पुस्तकातून बाहेर पडली, की ती चुलीपाशी आणि अंथरुणापाशी आपली वाट आपण काढते.

दुसरी वाट पश्चिमेला गेली. अरबीवरून हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकात लॅटिन, तिथून युरोपच्या भाषा. १५७० मध्ये टॉमस नॉर्थने तिला इंग्रजीत आणले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झांजिबारला तर मगरही नाही आणि कासवही नाही. तिथे शार्क मासा आहे आणि आजारी पडला आहे तो शार्कांचा सुलतान! कोरियात माकडाचा ससा झाला आणि काळजाऐवजी यकृत आले. राहता राहिले माझे जांभूळ. पाली जातककथेत मगरीला फसवणारे माकड ज्या झाडाकडे बोट दाखवते, ते उंबराचे आहे. आणि उंबर म्हणजे अंजिराचाच सख्खा भाऊबंद. त्या जांभळाचाही ताठा मग फार राहिला नाही.

मराठी मुलांच्या पुस्तकांची कथा तरी काय निराळी आहे? इसापाच्या नीतिकथा मराठीत प्रथम छापल्या गेल्या त्या पुण्यात नव्हे, तंजावरला. सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ च्या सुमारास 'बालबोधमुक्तावली' निघाली. गोष्टी ग्रीक, भाषा मराठी, भोवतालचा मुलूख तमिळ! पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र' दिले; तेही मूळचे बर्क्वँ नावाच्या फ्रेंच लेखकाचे, इंग्रजीमार्गे आलेले. आमच्या पणज्यांना जे आपले वाटले, ते पाहुणेच होते. साने गुरुजींनी परदेशी कादंबऱ्यांच्या 'गोड गोष्टी' केल्या आणि प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचा ध्यास घेतला, त्यामागे हेच मर्म असावे. पाहुण्याला पाटावर बसवण्याची ही आपली रीत, आणि मी एका लहान मुलीला दारातूनच परतवले होते.

शाळेला पत्र लिहून मी पुन्हा वेळ मागून घेतली. या वेळी गोष्ट सांगितली नाही. फळ्यावर वेडावाकडा नकाशा काढला आणि मुलांना म्हणालो, "मागच्या वेळी मी एक चूक केली. ही बरोबर होती. कासव खरे, मगरही खरी." मग तिच्या नानीचे कासव कोणत्या वाटेने आले ते खडूने दाखवले. ती मुलगी नकाशाकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. ते रास्तच होते.

मुलांना सांगितले, घरी जाऊन आजीला, नानीला, शेजारच्या काकूला ही गोष्ट विचारा आणि ऐकाल तशी लिहून आणा. चार दिवसांनी कागद आले. एकाच्या गोष्टीत कोकणातली सुसर होती, एकाच्यात घडियाल. एकाच्या आईला गोष्ट ठाऊकच नव्हती, म्हणून त्याने स्वतःच रचली होती आणि माकडाच्या हाती मोबाइल दिला होता!

त्या मुलीने कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. नानीची गोष्ट जिथे संपते, तिथे ती थांबली नव्हती. शेवटी तिने लिहिले होते, 'कासव परत घरी गेलं. पण आता ते बायकोला काय सांगणार? आणि दोस्ताशिवाय अंजीर कसे खाणार?'

इतक्या देशांत, इतक्या शतकांत ही गोष्ट मी वाचली. पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. तिचा पहिला कोरा कागद आणि हा भरलेला कागद, दोन्ही मी एकत्र जपून ठेवले आहेत. शाळेत जाताना पिशवीत ते असतात. कुणी हात वर करून 'सर, आमच्यात असं नाही' म्हणाले, की मी आता खाली बसतो आणि म्हणतो, "मग तुमच्यात कसं, ते सांग बघू!"

या दिवाळीत तुमच्या घरी पाहुणे येतील. फराळाची ताटे उचलून झाली, की त्यांच्या पोरांना विचारून पाहा: त्यांच्या घरी ती मगर आहे की कासव?