लाटांवरचा अँटेना

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्याची उंची ३०० मीटर. अशा लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. मनोऱ्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ४ ने गुणले, की पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. येथे तो सुमारे ७० येतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघालेली होडी त्याच्या बरीच पुढे गेली, की चित्र संपते. मोबाईलचे मनोरे बुटके, म्हणून इंटरनेटची साथ त्याहून लवकर सुटते.

मग मनोराच ३६,००० किलोमीटर उंच नेला तर? १९८३ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ बी हा असाच मनोरा होता. पुढे गच्चीगच्चीवर छत्र्या आल्या. पण होडीवरच्या छत्रीची नजर प्रत्येक लाटेसरशी उपग्रहावरून ढळते. ती स्थिर राखणारी यंत्रणा महाग पडते.

येथे आपण विचारू: दर्यावर आधी काय पोचायला हवे? चित्रपटाला सेकंदाला लाखो बिट लागतात. 'वादळ येतेय, परत फिरा' याला काहीशे पुरतात. तेवढ्यासाठी सर्व दिशांना ऐकणारा छोटा अँटेना चालतो.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी याच वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले आणि होड्यांचा माग ठेवण्याची निकड सर्वांना पटली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्यातून संदेश दोन्ही बाजूंनी जातात. चित्र दिसत नाही. पण घरची माणसे किनाऱ्यावर वाट पाहतात, ती चित्राची नव्हे.