नळी, पिशवी आणि औषधाचा लेप



मागच्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यांना लघवीची नळी लावली. कूस बदलताना मी पिशवी पलंगावर ठेवली आणि तशीच विसरले. दोन दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप आला, लघवीत जंतू निघाले. माझ्यामुळंच आला का, ते सांगता येत नाही. पण मनाला लागलं. म्हणून या नळीचा इतिहास शोधून वाचला.

टोकाला फुगा असलेली ही नळी अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक फोले यांच्या नावानं ओळखली जाते. ती १९३० च्या दशकातली. फुगा आत पाण्यानं भरला की नळी निसटत नाही. पण तेव्हा तिचं दुसरं टोक उघड्या बाटलीत सोडत. जंतू वर चढत आणि चारेक दिवसांत जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या लघवीत सापडत.

१९६६ साली कॅल्विन क्यूनिन आणि रेजिना मॅककॉर्मॅक यांनी दाखवून दिलं, की नळी आणि पिशवी पूर्ण बंद ठेवली तर जंतूंना बराच काळ रोखता येतं.

तरी जंतू नळीवर चिकट थर धरतातच, आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. मग नळीलाच औषधाचा लेप दिला तर? मोठ्या शिरेतल्या नळीला तो लाभला. १९९९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन अँटिबायोटिकचा लेप असलेल्या ३५६ नळ्यांपैकी एकीमुळंच जंतू रक्तात गेले. दुसऱ्या जंतुनाशकाच्या लेपाच्या ३८२ नळ्यांपैकी १३ मुळं गेले.

लघवीच्या नळीचं तसं झालं नाही. २०१२ साली ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांचा अभ्यास आला. साधी नळी असो की चांदीच्या लेपाची, शंभरात साधारण तेराजणांना लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास झाला. औषधाच्या लेपानं अकराजणांना झाला, पण नळीची आग आणि दुखणं वाढलं. म्हणून अशा नळ्या सरसकट वापरू नयेत, असं ठरलं.

म्हणजे लेप असो-नसो, आपलं काम उरतंच. हात धुऊनच नळीला हात लावा. पिशवी ओटीपोटाच्या खाली लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. जोड उघडू नका. नळी आपण काढायची नाही, पण रोज विचारायचं, “सिस्टर, नळी अजून लागते का?” कारण नळी जितके दिवस राहते, तितका धोका वाढतो.

हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. तुम्ही मात्र विचारा.