कोलकात्यातील दोन दिवस : धम्माचा इतिहास जेथे पुन्हा वाचला गेला

महापरिनिब्बान सुत्तात श्रद्धावान कुलपुत्राने दर्शन घ्यावे अशी चार स्थाने सांगितली आहेत. तथागतांचा जन्म, संबोधी, धम्मचक्कप्पवत्तन आणि महापरिनिब्बान जेथे घडले ती ही स्थाने होत. महाराष्ट्रातील उपासक-उपासिका मोठ्या संख्येने त्यांची यात्रा करतात, आणि जाता-येता त्यांपैकी काहींचा मुक्काम कोलकात्यास पडतो. असा मुक्काम बहुधा एक-दोन दिवसांचाच असतो. हावड्याचा पूल, व्हिक्टोरिया स्मारक आणि बाजार पाहून मंडळी पुढच्या गाडीने निघतात. या शहरात आपल्यासाठी पाहण्याजोगे काही असेल, अशी कल्पनाही पुष्कळांना नसते.

हे स्वाभाविक आहे. तथागतांच्या काळी हे नगर अस्तित्वात नव्हते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या व्यापारी वखारीभोवती ते वाढले. येथे ना प्राचीन स्तूप, ना लेणी. तथापि आमचे प्रतिपादन असे आहे की, चार महास्थानांचा इतिहास ज्या लेखांच्या आणि ग्रंथांच्या आधारे आज आपण निःशंकपणे सांगतो, त्या लेखांच्या वाचनाचा आरंभ याच शहरात झाला. म्हणून ज्याच्या हाती येथे दोनच दिवस आहेत, त्याने ते कसे खर्च करावेत, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. २००० पर्यंत आपण ज्यास कलकत्ता म्हणत होतो आणि २००१ पासून ज्याचे अधिकृत नाव कोलकाता झाले, त्या शहराची ही एक वेगळी ओळख आहे.

पहिला दिवस : अक्षरे आणि शिळा

पहिला दिवस मंगळवार ते शुक्रवार यांपैकी असावा, कारण सोमवारी इंडियन म्युझियम बंद असते आणि शनिवार-रविवारी एशियाटिक सोसायटीत प्रवेश मिळेल याची खात्री नसते. या दोन्ही संस्था पार्क स्ट्रीट मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

आरंभ एशियाटिक सोसायटीपासून करावा. १७८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा सचिव आणि कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे कोडे सोडविले. ते कोणत्या शब्दापासून सुटले, हे प्रत्येक उपासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सांची येथील स्तूपाच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात, असे प्रिन्सेपच्या लक्षात आले. हे लेख दात्यांचे असावेत आणि तो शब्द ‘दानं’ असावा, असे त्याने अनुमान केले. ते बरोबर ठरले. शेकडो वर्षे मुकी झालेली लिपी बोलू लागली ती राजाच्या नावाने नव्हे, तर सामान्य उपासक-उपासिकांच्या दानाने.

त्यानंतर स्तंभांवरील लेख वाचता आले. त्यांत ‘देवानंपिय पियदसि’ असा राजा बोलत होता. पण हा राजा कोण? त्याचे उत्तर कलकत्त्यात नव्हते. सिंहलद्वीपात सनदी अधिकारी असलेल्या जॉर्ज टर्नर याने ते दीपवंस या पाली ग्रंथातून दिले: पियदसि म्हणजेच अशोक. भारतातील शिळा आणि सिंहली संघाने सांभाळलेली पाली परंपरा यांची अशी गाठ पडली, तेव्हा सम्राट अशोक इतिहासात परतला. पाली भाषेचे अध्ययन कशासाठी, असे विचारणाऱ्यांना या प्रसंगाहून समर्पक उत्तर आमच्यापाशी नाही.

सोसायटीतच आणखी एक अमोल शिळा आहे. १८४० मध्ये कॅप्टन बर्ट यास राजस्थानातील बैराट येथे ती सापडली. अभ्यासक तिला भाब्रूचा लेख असेही म्हणतात. इतर लेखांत अशोक प्रजेशी बोलतो, या लेखात तो संघाशी बोलतो. प्रथम संघाला अभिवादन करून तो बुद्ध, धम्म आणि संघ यांवरील आपली श्रद्धा प्रकट करतो. पुढे सात धम्मपर्यायांची नावे देऊन भिक्खू, भिक्खुनी, उपासक आणि उपासिका या चारही परिषदांनी ते वारंवार ऐकावेत व त्यांचे मनन करावे, अशी इच्छा व्यक्त करतो. असत्य भाषणासंबंधी राहुलाला केलेला उपदेश हा त्यांपैकी एक. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्त ते हेच. अशोकाच्या काळी धम्माचे विशिष्ट पाठ निश्चित नावांनी ओळखले जात होते, याचा हा दगडी पुरावा आहे. या सात पाठांचा तिपिटकात शोध घेणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत आपले धर्मानंद कोसंबी होते. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९१२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला.

तेथून इंडियन म्युझियममध्ये जावे. १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीच्याच छत्राखाली स्थापन झालेल्या या संग्रहालयात असंख्य वस्तू आहेत. वेळ थोडा असेल तर इतर दालनांचा मोह टाळून सरळ भारहुतच्या दालनात शिरावे आणि तेथे किमान दोन तास घालवावेत.

भारहुत हे मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातील गाव. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे पोहोचला तेव्हा स्तूप जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याच्या विटा-दगड आसपासच्या घरबांधणीत गेले होते. जे उरले, ती तांबूस वालुकाश्माची वेदिका आणि पूर्वेकडील तोरण, ते कलकत्त्यास आणण्यात आले. वेदिकेचे काम सामान्यतः इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील मानले जाते.

येथे बुद्धांची मानवी आकृती कोठेच नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे आणि रिक्त आसन यांतून तथागतांचे अस्तित्व सूचित केले आहे. जेतवनाचे वर्तुळाकार शिल्प अवश्य शोधावे. बैलगाडीतून आणलेली नाणी जमिनीवर अंथरली जात आहेत आणि अनाथपिंडिक हाती झारी घेऊन दानाचे उदक सोडण्यास उभा आहे. अनेक शिल्पांवर जातकांची नावे कोरलेली आहेत. विनयपिटकातील जेतवनाची कथा ज्याने वाचली आहे, त्याला येथे मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

शिल्पांपेक्षाही मोलाचे आहेत ते लेख. कोणी स्तंभ दिला, कोणी आडवी सूची दिली, आणि प्रत्येकाने आपले नाव कोरविले. दात्यांमध्ये ‘पेटकी’, ‘सुतंतिक’, ‘पंचनेकायिक’ अशी बिरुदे धारण करणारे आहेत. पिटक जाणणारा, सुत्तांचा जाणकार, पाच निकायांचा जाणकार, असे त्यांचे अर्थ होतात. पाली तिपिटकाची रचना फार उत्तरकालीन आहे, असे म्हणणाऱ्यांना या शब्दांचा विचार करावाच लागतो.

आता महाराष्ट्रीय वाचकाने अधिक लक्ष द्यावे. या लेखांत नासिकचे नाव येते. करहकट नामक निगमाने, म्हणजे अवघ्या नगराने मिळून, दान दिल्याचा लेख आहे. हे करहकट म्हणजे सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. आणि विदर्भातील भोजकटाची दिगनगा नावाची भिक्खुनीही दात्यांत आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वी विदर्भातील एक भिक्खुनी दूरच्या स्तूपासाठी दान देते आणि तिचे नाव राजांच्या नावांबरोबर टिकून राहते! पूर्वेच्या तोरणावरील लेखात शुंगांच्या राज्याचा उल्लेख आहे आणि ते उभारणाऱ्या धनभूती राजाचे नाव आहे. पुष्यमित्राच्या घराण्याची सत्ता असताना येथील सामान्य जन, भिक्खू आणि भिक्खुनी स्तूपाला दान देत होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. राजाश्रय गेला म्हणजे धम्म गेला, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे लेख वाचावेत.

या ठिकाणी एक प्रश्न मनात येणे अटळ आहे. जे वंदनेसाठी घडविले गेले, ते आज कलावस्तू म्हणून उभे आहे. पिप्रहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या निधीचे उदाहरण ताजे आहे. अस्थिधातूंचा अंश सयामच्या राजास देण्यात आला, रत्नादी वस्तूंचा मुख्य भाग या संग्रहालयाकडे आला, आणि एक भाग उत्खनन करणाऱ्या जमीनदार पेप्पे याच्या कुटुंबाकडे राहिला. मे २०२५ मध्ये कुटुंबाकडील ती रत्ने हाँगकाँग येथे लिलावास काढण्यात आली. भारत सरकारच्या आणि जगभरातील बौद्धांच्या हरकतीमुळे लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात परतली. धातूंबरोबर श्रद्धेने ठेवलेल्या वस्तूंचे मोल पैशात होऊ शकते काय, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. परंतु तो विचारण्याचा अधिकार, त्या वस्तूंवर काय लिहिले आहे हे जाणून घेण्याच्या कर्तव्यासह येतो.

सायंकाळी हुगळीच्या काठी प्रिन्सेप घाटावर जावे. प्रिन्सेप १८४० मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी निवर्तला. हा घाट त्याच्या स्मरणार्थ बांधलेला आहे. तेथे फिरावयास येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे नाव अशोकाशी जोडलेले ठाऊक असेल.

दुसरा दिवस : विद्येकडून धम्माकडे

पहिल्या दिवशी आपण जे पाहिले ते बव्हंशी परकीय अधिकाऱ्यांचे कार्य. त्यांची विद्वत्ता निर्विवाद, परंतु त्यांना त्रिशरण घ्यावयाचे नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रथम बहुबाजार भागातील बौद्ध धर्मांकुर विहारात जावे. चितगावच्या कृपाशरण महास्थविरांनी १८९२ मध्ये येथे बौद्ध धर्मांकुर सभा स्थापन केली. १९०३ मध्ये विहार उभा राहिला आणि १९०८ पासून ‘जगज्ज्योति’ हे बंगाली मासिक निघू लागले. चितगावकडील बरुआ बौद्धांचा समाज पूर्वापार बौद्ध आहे. भारतातून बौद्ध धम्म समूळ नाहीसा झाला होता, हे शालेय पुस्तकांतील विधान या विहारात बसून तपासून पाहावे. बंगालच्या पूर्व सीमेवर तो दारिद्र्यात, पण जिवंत होता.

तेथून कॉलेज स्क्वेअरला यावे. तळ्याशेजारी महाबोधी सभेचा धर्मराजिक चैत्य विहार आहे. अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये कोलंबो येथे स्थापिलेल्या या सभेचे कार्य पुढच्याच वर्षी कलकत्त्यातून सुरू झाले आणि तिचे ‘महाबोधी’ हे नियतकालिकही तेथूनच निघाले. १९२० मध्ये या विहाराचे उद्घाटन झाले. आंध्रातील भट्टिप्रोलू येथील धातू येथे प्रतिष्ठापित आहेत. आमच्या वाचकांना या वास्तूचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य’ हा प्रसिद्ध इंग्रजी निबंध १९५० मध्ये याच ‘महाबोधी’ नियतकालिकात प्रकाशित झाला. सर्वसामान्यांना वाचता येईल असा एकच बौद्ध धर्मग्रंथ असावा, ही निकड त्यांनी त्यात मांडली होती. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्या विचाराचाच परिपाक होय.

विहारापासून काही पावलांवर कलकत्ता विद्यापीठ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पालीच्या उच्च अध्ययनाची सोय करणाऱ्या भारतीय विद्यापीठांत हे अग्रणी. चितगावचेच बेनीमाधव बरुआ (१८८८–१९४८) लंडन विद्यापीठाची डी. लिट्. मिळवून १९१७ नंतर येथे अध्यापन करू लागले. भारहुतच्या लेखांवर आणि शिल्पांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. जन्माने बौद्ध असलेल्या विद्वानाने आपल्याच पूर्वसूरींचे लेख वाचावेत, ही नवी घटना होती.

त्यापूर्वी येथे एक मराठी माणूस येऊन गेला होता. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) सिंहलद्वीपात पाली शिकून १९०६ मध्ये कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात पाली शिकवू लागले. पुढे विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. कलकत्त्यात मान होता, वेतन होते. तरीही आपल्या प्रदेशात धम्माचे ज्ञान पोहोचवावे या ओढीने, सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या अल्प मासिक साहाय्यावर ते महाराष्ट्रात परतले. पाली वाङ्मय मराठीत आणण्याच्या कार्याला त्यामुळे बळ मिळाले.

शेवटी, सवड असल्यास, विधानसभेची इमारत बाहेरून पाहून घ्यावी. जुलै १९४६ मध्ये संविधान सभेच्या निवडणुकीत मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना वाट नव्हती. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांनी ते बंगालच्या विधिमंडळातून निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले; पण संविधान सभेचे दार प्रथम उघडले ते बंगालने. कऱ्हाडच्या निगमाने भारहुतला दान दिले होते; बंगालच्या नामशूद्र बांधवांनी आपल्याला जे दिले, त्याचे ऋण आपण क्वचितच उच्चारतो.

दोन दिवसांत इतके सहज होते. खर्च फारसा येत नाही. तयारी मात्र लागते. निघण्यापूर्वी विहारात एकत्र बसून अनाथपिंडिकाची कथा आणि निवडक जातके वाचावीत. ब्राह्मीची वर्णमाला शिकण्यास थोडेच दिवस पुरतात. ती लिहिलेला एक कागद जवळ ठेवावा आणि भारहुतच्या दालनात निदान एक ‘दानं’ आपल्या डोळ्यांनी वाचून यावा. शक्य असेल त्यांनी मुलामुलींना बरोबर न्यावे, कारण हे वाचन त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर साधते.

परतल्यावर आपल्या विहारातील वर्षावासाच्या कार्यक्रमात अशोकाने नावे दिलेल्या सात पाठांपैकी एखाद्याचे तरी वाचन ठेवावे, अशी आमची सूचना आहे. राहुलोवादापासून आरंभ केल्यास लहानांनाही तो समजेल. सम्राटाने ती विनंती केवळ भिक्खूंना केलेली नाही, उपासक आणि उपासिकांनाही केली आहे.