विमान उतरल्यावर पुढे काय?

विमानाचा इतिहास सांगताना आपण आकाशाकडे पाहतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण उतरलेला माणूस शहरात पोचतो कसा, हा जमिनीवरचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

१९२८ साली ट्रॉम्बे व अंधेरी यांना कुर्ल्यावरून जोडणारी एक रेल्वे सुरू झाली. ती अवघ्या सहा वर्षांत, १९३४ साली, बंद पडली आणि तिचे रूळ उखडले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच कुर्ला-अंधेरीच्या टापूत सांताक्रूझचा लष्करी विमानतळ झाला, आणि युद्धानंतर नागरी विमाने जुहूहून तेथे आली. म्हणजे विमानतळ आला तेव्हा रेल्वे गेलेली होती!

पश्चिमेला लोकल धावत होती. पण स्थानकापर्यंतचे अंतर कसे तोडायचे? पैसेवाल्याने टॅक्सी केली. इतरांनी बसची वाट पाहिली किंवा पायपीट केली. रिक्षा आली, पण वांद्रे-शीवच्या पुढे शहरात तिला परवानगी नाही. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो झाली. तिच्या एका स्थानकाला ‘एअरपोर्ट रोड’ हे नाव मिळाले. टर्मिनल मात्र दूरच राहिले. टर्मिनलच्या दाराशी गाडी आली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, भुयारातून. वर्षभराने ती कफ परेडपर्यंत पोचली. रूळ उखडल्यापासून मोजले तर नव्वद वर्षे लागली.

इतका काळ का लागावा? माझ्या मते विमानतळ आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोटारीतून येणारा प्रवासी होता. सामान चढवणारा, फरशी पुसणारा, पहाऱ्यावर उभा राहणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता. प्रवासी वर्षातून चार वेळा त्या रस्त्याने जाईल. कामगाराला तर रोजच जावे लागते.

मेट्रोचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु रात्री मेट्रो थांबते, विमाने थांबत नाहीत. मध्यरात्री पाळी सुटलेल्या माणसाने घरी जावे कसे? मागणीपत्र लिहिताना पगाराच्या खालोखाल मी एक कलम घालतो : रातपाळीच्या कामगारांची ने-आण. ज्या शहराला चोवीस तास विमाने हवीत, त्याने हे कलम आपलेही मानले पाहिजे.