डीलर-सुधारित अभिजात मोटारींची पडताळणी

डीलर-सुधारित अभिजात मोटारींची पडताळणी म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावर विक्रेत्याने, अर्थात डीलरने, इंजिन किंवा अन्य यंत्रभाग बदलून विकलेली जुनी मोटार खरोखर त्याच विक्रेत्याकडील व त्याच काळातील आहे काय, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. असा बदल कारखान्यात झालेला नसल्यामुळे कारखान्याने दिलेल्या क्रमांकांत त्याची खूण सापडत नाही. त्यामुळे या पडताळणीत यंत्रभागांइतकेच कागदपत्रांनाही महत्त्व असते. मोटारीची किंमत, तिची कायदेशीर मालकी आणि भारतात तिची व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणी या तिन्ही गोष्टी पडताळणीच्या निष्कर्षावर अवलंबून राहू शकतात.

पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात अमेरिकेत मध्यम वा लहान आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवलेल्या 'मसल कार' लोकप्रिय झाल्या. जनरल मोटर्सने मात्र अशा गाड्यांसाठी ४०० घन इंचांची (सुमारे ६.६ लिटर) इंजिनमर्यादा घालून घेतली होती. ही मर्यादा टाळण्यासाठी काही विक्रेत्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत मोठी इंजिने बसवण्यास सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथील विक्रेते व शर्यतपटू डॉन येन्को हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यांनी १९६७ पासून शेव्हरोले कॅमेरो या गाडीत ४२७ घन इंचांचे (सुमारे ७ लिटर) इंजिन बसवून ती विकली. १९६९ मध्ये 'सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर', म्हणजेच 'कोपो', या विशेष मागणीपद्धतीचा उपयोग करून त्यांनी हे इंजिन थेट कारखान्यातच बसवून घेतले.

अशा गाड्या थोड्या असल्याने त्यांना मोठी किंमत मिळते. त्यामुळे साध्या कॅमेरोला मोठे इंजिन, पट्टे व नामचिन्हे लावून ती येन्को असल्याचे भासवण्याचे प्रकार होतात. बनावटपणा न लपवता केलेल्या अशा गाडीस 'प्रतिकृती' म्हणतात. तीच अस्सल म्हणून विकल्यास ती फसवणूक ठरते.

क्रमांक व ठसे

१९६९च्या कॅमेरोचा वाहन ओळख क्रमांक १३ अक्षरांकांचा असतो. त्यावरून गाडीचा प्रकार, वर्ष, कारखाना आणि इंजिन सहा सिलिंडरचे की व्ही-८, एवढेच कळते. व्ही-८ नेमके कोणते, हे कळत नाही. सध्याची १७ अक्षरांकांची पद्धत अमेरिकेत १९८१च्या मॉडेलांपासून लागू झाली.

इंजिनच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख, जुळणीची तारीख, प्रकारसंकेत आणि गाडीच्या क्रमांकाचा अंश असे ठसे असतात. 'सी १४ ९' या ओतकाम-संकेताचा अर्थ १९६९च्या मॉडेलकाळात १४ मार्च १९६९ असा होतो. ठोकळ्याचे ओतकाम गाडीच्या जुळणीनंतरचे निघाले, तर ते इंजिन त्या गाडीचे मूळ इंजिन असू शकत नाही.

याबाबत सुरुवातीच्या आणि १९६९च्या येन्को गाड्यांत भेद करावा लागतो. १९६९च्या गाडीत इंजिन कारखान्यातच बसवलेले असल्याने ठोकळ्यावर त्या गाडीचा क्रमांक अपेक्षित असतो. त्याआधीच्या गाड्यांत इंजिन विक्रेत्याने बसवल्यामुळे क्रमांक न जुळणे हा बनावटपणाचा पुरावा ठरत नाही आणि जुळणे हा अस्सलतेचा पुरावा होत नाही. शिवाय जुना ठसा घासून नवा उमटवता येत असल्याने पृष्ठभागावरील यंत्रकामाच्या मूळ रेषा शाबूत आहेत की नाहीत, हेही तपासले जाते.

कागदपत्रांची साखळी

विक्रीची पावती, विक्रेत्याकडील नोंदी, हमीपुस्तिका, जुनी छायाचित्रे आणि पहिल्या मालकापासूनचे हस्तांतरण यांची सलग साखळी हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. कागद स्वतंत्रपणेही तपासावे लागतात, कारण खऱ्या पण नष्ट झालेल्या गाडीचे कागद दुसऱ्या गाडीस जोडले जाऊ शकतात.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ ग्राह्य धरला. कायद्याने मुभा दिलेल्या फेरबदलांची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि सांगाडा, बाह्यकाया वा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यांत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षांसाठी वैध असते. अशा क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदलेल्या वाहनास मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. व्यावसायिक किंवा नियमित वापरास परवानगी नसते. त्यामुळे अमेरिकी बाजारात ज्या फेरबदलामुळे गाडीची किंमत वाढते, तोच फेरबदल भारतात व्हिंटेज नोंदणीच्या आड येऊ शकतो.

परभणी जिल्ह्यातील नोंदींचा माग

अमेरिकी मसल कार भारतात अपवादानेच आढळतात. ग्रामीण भागात हा प्रश्न प्रामुख्याने जुन्या जीपांबाबत उद्भवतो. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली. पुढे अनेक पेट्रोल जीपांना डिझेल इंजिने बसवली गेली. अशा जीपचा सांगाडा क्रमांक मूळ असला तरी इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळेलच असे नाही. परिवहन कार्यालयात सांगाडा क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा अर्जासोबत घेण्याची पद्धत असल्याने जुन्या कागदांवरील असा ठसा तुलनेसाठी उपयुक्त ठरतो.

परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे १९५०च्या दशकातील वाहनाच्या कागदांवर एकाहून अधिक राज्यांचे शिक्के असणे स्वाभाविक आहे. परभणीचा सध्याचा नोंदणी संकेत एमएच-२२ आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला व त्याचा संकेत एमएच-३८ आहे. म्हणून वसमत किंवा कळमनुरी येथील जुन्या वाहनावर एमएच-२२ हा संकेत आढळल्यास, केवळ त्यावरून नोंद संशयास्पद ठरवता येत नाही.

मर्यादा

कोणतीही एक खूण अस्सलता सिद्ध करण्यास पुरेशी नसते. ठसे, तारखा व कागद स्वतंत्रपणे तपासून ते परस्परांशी सुसंगत आढळले, तरच निष्कर्ष विश्वसनीय ठरतो. एखादा दुवा गहाळ असल्यास वाहन आपोआप बनावट ठरत नाही. मात्र त्याची अस्सलता सिद्ध झाली, असेही म्हणता येत नाही.