सुलभ वाचनाचा कायदा आणि राहुल चेरियन
अंधांना छापील पुस्तक वाचता यावे, म्हणून त्याची निराळ्या स्वरूपातील प्रत करावी लागते, आणि तेथे कॉपीराइट आड येतो. १९५७ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे २०१० चे विधेयक केवळ अपंगांसाठीच खास घडविलेल्या स्वरूपांना मुभा देत होते. ब्रेल त्यात बसे. परंतु संगणक वाचून दाखवील असा साधा मजकूर डोळसांसही उपयोगी, म्हणून तो वगळला जाई. मग ज्यांना ब्रेल येत नाही, त्यांना ह्या मुभेचा लाभ कोणता? ‘इन्क्लुझिव्ह प्लॅनेट’चे एक संस्थापक, वकील राहुल चेरियन ह्यांनी अंधसंघटनांच्या बरोबरीने ह्या मर्यादेविरुद्ध प्रयत्न केले. २०१२ च्या कायद्यात कोणत्याही सुलभ स्वरूपास मान्यता मिळाली. देशोदेशी अशा प्रती धाडण्यासाठी मात्र आंतरराष्ट्रीय करार हवा होता. त्या वाटाघाटींतही ते जागतिक अंध संघाच्या बाजूने झटले. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. २७ जून २०१३ रोजी माराकेश करार संमत झाला, आणि २०१४ साली त्यास अनुसमर्थन देणारे पहिले राष्ट्र भारत ठरले. कायद्याने वाचनाचे साधन बांधून दिले, तर नव्या साधनाच्या काळात हक्क मागे पडतो, हे ह्या इतिहासावरून स्पष्ट होते.