नवागत आणि जुनेजाणते

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी कोणी पाहिली नाही? खंदक ओलांडून वर जाणाऱ्याला या वळणावळणाच्या काळोख्या भुयारातूनच जावे लागे. वाट ठाऊक असलेला शिबंदीतला माणूस सुखरूप वर पोहोचे. परका मात्र चाचपडत राही. ही योजना शत्रूसाठी होती. घरी आलेल्या माणसासाठी कोणी अंधारी बांधीत नाही. महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून मात्र नव्या मुलासाठी ती बांधली गेली, आणि तिला रॅगिंग हे नाव पडले.

तिचे समर्थक म्हणतात की, याने भीड चेपते, ओळख होते, एकी वाढते. आम्ही कामगारांत आयुष्यभर एकी बांधण्याचाच उद्योग केला. तेव्हा या दाव्याची झडती घेण्याचा आम्हांला अधिकार आहे.

विद्यार्थ्यांची खरी एकी तेव्हाच्या औरंगाबादने १९३८ साली पाहिली. येथील इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यास निजामी अंमलाने मनाई केली. मुलांनी ती जुमानली नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले आणि शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. ती एकी आपल्याहून बलिष्ठाशी झगडून झाली होती, आणि परक्या मुलांना दार उघडणारेही तेव्हा होते. दुबळ्याला गुडघ्यावर बसवून जमते ती एकी नव्हे. ती उधारीची वसुली होय: यंदा आपण सोसले ते पुढल्या वर्षी दुसऱ्याकडून फेडून घ्यायचे.

महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगला मनाई करणारा कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय काढून टाकलेल्याला पाच वर्षे कोठेही प्रवेश नाही. तक्रारीकडे डोळेझाक करणारा संस्थाप्रमुखही त्यात अपराधाचा साथीदार ठरतो. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीने २००७ साली अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात वैद्यकीयचा एक विद्यार्थी मारहाणीत दगावला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर नियम लागू केले.

तरीही मे २०१९ मध्ये मुंबईत, नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर मुलीने जीव दिला. वरिष्ठांनी छळल्याचा आरोप झाला आणि याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आपण आधीच तोंडी तक्रार केली होती, असे तिच्या कुटुंबाचे म्हणणे होते. कायदा तेव्हा वीस वर्षांचा झाला होता.

मग उणे कोठे राहते? नव्या मुलाचे जुन्यावाचून अडते: खोलीसाठी, वह्यांसाठी, कामाच्या पाळीसाठी. बदली कामगार मुकादमाविरुद्ध एकटा तोंड उघडीत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आम्ही युनियनमध्ये एक रीत पाळली: तक्रार एकट्याची असली तरी अर्ज घेऊन पाचजणांनी जायचे, आणि पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही. वसतिगृहांतही हेच व्हावे. पहिल्या वर्षाच्या मुलांची राहण्याची सोय वेगळी असावी, रखवालदाराऐवजी प्राध्यापकाने रात्री स्वतः फेरी मारावी, आणि तक्रार लेखी घेऊन तिची पोच द्यावी. पालकांनीही मुलाला प्रवेश मिळाला की हात झटकू नयेत. पहिल्या महिन्यात एकदा तरी चार पालकांनी मिळून वसतिगृह पाहून यावे, आणि मुलांबरोबर तेथेच जेवावे.